दाऊद ते धरती आबा

आपल्या वाङ्मय मंडळाच्या ई-अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून द्या असं सरांनी सांगितलं, तेव्हा मी लगेच बिरसा मुंडांचं नाव दिलं. खरं सांगायचं तर मला ते चरित्र पाठच होतं. आमचं घर ग्वाल्हेरला, थाटीपुरात. मध्य प्रदेशात १५ नोव्हेंबरला, बिरसांच्या जयंतीला, जनजातीय गौरव दिवस साजरा होतो. अकरावीत असताना मी त्या दिवशी शाळेत हिंदीतून भाषण ठोकलं होतं. इंग्रज, तीरकमान, तुरुंग, बलिदान, सगळं क्रमानं. टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीसही मिळालं.

बक्षिसाचा कप दाखवायला मी शेजारच्या सिस्टरआंटींकडे गेले. त्या निवृत्त परिचारिका. मूळच्या झारखंडातल्या खुंटी जिल्ह्याच्या, जातीनं मुंडा, धर्मानं ख्रिस्ती. आम्हीही ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, बाबांच्या नोकरीमुळे ग्वाल्हेरला आलेले. त्यामुळे नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे आणि त्यांचे अरसे आमच्याकडे, असा वर्षानुवर्षांचा घरोबा. त्यांनी माझं भाषण खुर्चीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, की बिरसाला लिहायला-वाचायला कुणी शिकवलं? मला सांगता येईना. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. १८९९ च्या उठावात बिरसाच्या माणसांचे बाण आधी कुठे सुटले? मी ठोकून दिलं, इंग्रजांच्या पोलीस ठाण्यावर. त्यांनी मान हलवली. नाताळच्या आदल्या रात्री, त्या म्हणाल्या, आणि चर्चवर.

मी त्यांच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे येशूची तसबीर होती आणि तिच्याच शेजारी, त्याच उंचीवर, पागोटं बांधलेला बिरसा होता. इतकी वर्षं त्या घरात जात होते, पण या दोन चित्रांचं एकमेकांशेजारी असणं मला कधी खटकलंही नव्हतं आणि कळलंही नव्हतं.

तो प्रश्न मला लागला, त्याला आणखी एक कारण होतं. थाटीपुरात बांधकामं सतत चालू असतात. त्या कामांवर शिवपुरी-घाटीगावकडची सहरिया आदिवासी कुटुंबं मजुरीला येतात आणि ताडपत्र्या ठोकून तिथेच राहतात. त्याच्या आदल्या नाताळात आमच्या मंडळीनं अशा काही कुटुंबांना कार्यक्रमाला बोलावलं होतं. आम्ही आत खुर्च्यांवर आणि ते फाटकाजवळ सतरंजीवर. आम्हाला चिनी मातीच्या बशा, त्यांना द्रोण. युवक सभेत मी विचारलं, की असं का? उत्तर मिळालं, की असे प्रश्न अहंकारातून येतात, प्रार्थना कर. बाबाही म्हणाले, जाऊ दे, परगावात चार आपली माणसं आहेत, त्यांच्याशी कशाला वाकडं घ्यायचं. मी रागानं जाणंच बंद केलं होतं. प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय होतं, हे मला त्या वर्षी खरोखरच जाणून घ्यायचं होतं. म्हणून पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवून मी बिरसांचं चरित्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. ते असं आहे.

बिरसांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७५ चा मानतात. गाव उलिहातू, आजच्या खुंटी जिल्ह्यात. वडील सुगना, आई करमी. गुरुवारी जन्मला म्हणून नाव बिरसा, असं सांगतात. घर गरीब. मुंडांची मूळ रीत अशी, की ज्या घराण्यांनी जंगल तोडून गाव वसवलं त्या घराण्यांची मिळून ती जमीन. या पद्धतीला खुंटकट्टी म्हणत. पण एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या जमीनदारांनी, ठेकेदारांनी आणि सावकारांनी ही जमीन हळूहळू गिळली. मालक होते ते कुळं झाले, आणि कुळांना वर वेठबिगारी करावी लागे. या बाहेरच्यांना मुंडा लोक दिकू म्हणत. सुगनाचं कुटुंबही कामाच्या शोधात या गावाहून त्या गावाला हिंडत राहिलं. बिरसा काही काळ आजोळी, अयुभातूला वाढला. जवळच्या सालगा गावी जयपाल नाग यांची शाळा होती, तिथे त्यानं पहिली अक्षरं गिरवली. नंतर मावशीबरोबर तिच्या सासरी गेला. तिथे त्याच्याकडे बकऱ्या राखायचं काम होतं. बासरी आणि तुंबड्याची एकतारी वाजवण्यात तो रमून जाई आणि बकऱ्या दुसऱ्यांच्या शेतात शिरत. बोलणी खाऊन तो तिथून निघाला आणि बुर्जूच्या जर्मन मिशनच्या शाळेत दाखल झाला.

हे जर्मन मिशन म्हणजे गॉस्नर मिशन. बर्लिनच्या योहान्नेस गॉस्नर यांनी पाठवलेले मिशनरी १८४५ मध्ये रांचीला पोचले. पहिला बाप्तिस्मा व्हायला पाच वर्षं गेली, पण त्यानंतर मुंडा आणि उरांव मोठ्या संख्येनं ख्रिस्ती होऊ लागले. त्यामागे श्रद्धा होती, शाळा होती, आणि एक तिसरी गोष्टही होती. कोर्टकचेरीत जमीनदारासमोर उभं राहताना गोरा पाद्री आपल्या बाजूनं बोलेल, गेलेली जमीन परत मिळेल, ही आशा. बिरसाचं कुटुंबही ख्रिस्ती झालं. वडील सुगना मसीहदास झाले आणि बिरसाला नाव मिळालं दाऊद.

बुर्जूहून दाऊद वरच्या वर्गांसाठी चाईबासाला गेला. १८८६ ते १८९० अशी चार वर्षं तो तिथल्या मिशन शाळेत होता. म्हणजे वयाच्या अकराव्यापासून पंधराव्यापर्यंत, आपण सहावी ते दहावीत असतो तेव्हा. तो हुशार होता, आणि मिशनला पुढे असाच मुलगा शिक्षक किंवा प्रचारक म्हणून हवा असणार. पण नेमक्या त्याच काळात बाहेर एक ताटातूट चालू होती. मुंडांचे जाणते लोक, ज्यांना सरदार म्हणत, कित्येक वर्षं अर्ज-विनंत्या करून जमिनीचा लढा लढत होते. त्यांतले बरेचसे ख्रिस्तीच होते. मिशनचे प्रमुख डॉ. नॉट्रॉट यांनी आधी जमीन परत मिळवून देण्याच्या आशा दाखवल्या होत्या. पुढे सरदारांची मागणी वाढली, सरकारशी बिनसायची वेळ आली, तेव्हा मिशननं अंग काढून घेतलं आणि सरदारांना लबाड ठरवलं. शाळेत हे सगळ्यांसमोर बोललं गेलं, तेव्हा त्या पोरसवदा विद्यार्थ्यानं उभं राहून विरोध केला. दाऊदला शाळेतून काढून टाकलं.

मित्रांनो, मी इथे बराच वेळ थांबले होते. कारण माझ्या पाठ भाषणात हे वाक्य नव्हतंच. बिरसांनी पहिला विरोध केला तो इंग्रज अधिकाऱ्याला नाही. ज्यांनी त्यांच्या हातात पाटी दिली, प्रार्थना शिकवली, नाव दिलं, त्यांना केला. आणि त्यानं विचारलं ते काही पाखंड नव्हतं. तुम्ही दिलेला शब्द तुम्हीच का मोडता, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मिशननं या मुंडा मुलाला देवापुढे सगळे सारखे हे शिकवलं, आणि त्यानं ते खरं मानलं, ही त्याची चूक म्हणायची की मिशनचं यश?

१८९० च्या सुमारास घरच्यांनी जर्मन मिशन सोडलं. थोडा काळ त्यांनी रोमन कॅथलिक मिशनचा आसरा घेतला आणि मग ते जुन्या रीतीकडे वळले. बिरसा बंदगावला आला. तिथे जमीनदार जगमोहन सिंहांचे मुनशी आनंद पांडे हे वैष्णव गृहस्थ होते. त्यांच्या सहवासात तो तीनेक वर्षं राहिला. मांसाहार सोडला, जानवं घातलं, तुळशीची पूजा करू लागला, रामायण-महाभारतातल्या कथा ऐकल्या. म्हणजे विशीच्या आत या मुलानं तीन धर्मांची घरं आतून पाहिली होती. पूर्वजांचं, पाद्र्यांचं आणि वैष्णवांचं.

तो त्यांतल्या कुठल्याच घरात कायमचा राहिला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. याच काळात सरकारनं छोटा नागपूरमधली गावालगतची पडीक आणि जंगलजमीन संरक्षित म्हणून आपल्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. सरपण, चराई, कंदमुळं, मोहाची फुलं, ज्यावर गाव जगत होतं तेच गुन्ह्याच्या यादीत गेलं. बिरसा जंगलहक्कांसाठी चाईबासाला अर्ज घेऊन जाणाऱ्यांत सामील झाला. अर्जांचा काहीच उपयोग झाला नाही.

मग आलं १८९५. चलकद गावी राहणाऱ्या बिरसाला दैवी साक्षात्कार झाला अशी बातमी पसरली. जंगलातून जाताना वीज कडाडली आणि त्याचा चेहरामोहराच पालटला, असं लोक सांगत. त्याच्या हाताला गुण आहे, तो आजार बरे करतो, असंही बोललं जाऊ लागलं. देवीची साथ होती तेव्हा तो घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करत असे. एकवीस वर्षंही पुरी न झालेल्या या तरुणाला पाहायला मुंडा, उरांव, काही ठिकाणचे इतर लोकही मैलोन् मैल चालत येऊ लागले. लोक त्याला धरती आबा म्हणू लागले. आबा म्हणजे बाप. दाऊदचा धरती आबा झाला, तो असा.

आता त्याची शिकवण पाहा. बहुतेक भाषणांत हा भाग गाळतात. मुंडांच्या जुन्या धर्मात सिंगबोंगा हा थोर देव, पण त्याखाली डोंगराचे, पाण्याचे, घराचे कितीतरी बोंगा. त्यांना खूश ठेवायला बळी द्यावे लागत. गावाचा पुजारी म्हणजे पाहान. आजार आला, गुरं मेली, की भगताकडे म्हणजे सोखाकडे जायचं. तो कुणाचं तरी नाव घ्यायचा. बहुधा एखाद्या बाईचं. ती डाकीण ठरायची. बिरसानं सांगितलं, की देव एकच, सिंगबोंगा. बाकीच्या बोंगांना बळी देऊ नका. भगतांच्या नादी लागू नका, डाकीण-चेटूक मानू नका. हंडिया, म्हणजे तांदळाची दारू, सोडा. स्वच्छ राहा, चोरी करू नका, खोटं बोलू नका. आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी, नांगर धरू नका, प्रार्थना करा.

यात मिशनमधला एकच देव आहे, रविवारच्या जागी आलेला गुरुवार आहे, वैष्णवांचं जानवं आणि शाकाहार आहे, आणि नाव मात्र पूर्वजांच्या सिंगबोंगाचं आहे. त्यानं ज्यांना सोडलं त्यांच्याकडूनच घेतलं, आणि घेतलेलं आपल्या भाषेत, आपल्या लोकांसाठी वापरलं. पण मला जास्त मोठी वाटते ती वेगळी गोष्ट. परक्या पाद्र्याला विरोध करणं एक वेळ सोपं. आपल्याच गावच्या पाहानाला, ज्यानं आपल्या बारशापासून आपल्या घरची पूजा केली त्याला, तू सांगतोस ते चूक आहे असं म्हणणं फार अवघड. बळी बंद झाले म्हणजे पाहानाचा मान गेला. डाकीण मानायची नाही म्हणजे सोखाची कमाई गेली. बिरसांनी एकाच वेळी तीन ठिकाणची गादी हलवली. मिशनची, जमीनदाराच्या वाड्यातली आणि स्वतःच्या समाजातली.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणं आहेत. खानदेशात, तळोद्याच्या परिसरात, १९३० च्या दशकात गुला महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला आणि स्वच्छ राहायला सांगितलं, तेव्हाही हजारोंची गर्दी लोटली होती. आणि आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार उभा केला, तेव्हा त्यांचंही म्हणणं हेच होतं, की ख्रिस्त आमचा आहे, पण आमची भक्ती परक्या साच्यात का घालायची? टिळक ख्रिस्ती राहून भांडले, बिरसा बाहेर पडून. प्रश्न शेजारचेच होते.

ऑगस्ट १८९५ मध्ये सरकारनं बिरसाला पकडायचं ठरवलं. रात्री चलकदला पोलीस अधिकारी मीयर्स आपली तुकडी घेऊन पोचला. त्याच्यासोबत दोन माणसं आणखी होती. मुरहूच्या अँग्लिकन मिशनचे रेव्हरंड लस्टी आणि बंदगावचे जमीनदार जगमोहन सिंह. ज्यांच्या मुनशीकडे बिरसा तीन वर्षं राहिला तेच जमीनदार. पोलीस, पाद्री आणि जमीनदार असे तिघं एका झोपडीच्या दारात उभे आहेत आणि आत एक एकोणीस वर्षांचा पोरगा झोपला आहे. सगळं चरित्र विसरले तरी हे दृश्य मी विसरणार नाही. ख्रिस्ती म्हणून मला त्या दारात आपला माणूस पोलिसांच्या बाजूला उभा दिसतो, आणि वाईट वाटतं.

दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, हजारीबागच्या तुरुंगात. १८९७ च्या अखेरीला तो सुटला. तो आत असताना बाहेर दुष्काळ पडून गेला होता. सुटल्यावर काही काळानं डोंगरांवर रात्रीच्या सभा भरू लागल्या. डोंबारी डोंगर त्यांतला प्रसिद्ध. या वेळी शिकवण प्रार्थनेवर थांबली नाही. दिकूंचं आणि इंग्रजांचं राज्य संपून मुंडांचं राज्य येणार, अशी घोषणा झाली. २४ डिसेंबर १८९९ च्या रात्री, नाताळच्या उपासना चालू असताना, सिंहभूम आणि रांचीच्या मुलुखात ठिकठिकाणी बाण सुटले, आगी लागल्या. सरवदाच्या कॅथलिक मिशनवर बाण आले. तिथे फादर हॉफमन हे जर्मन जेझुइट होते. बुर्जूवरही हल्ला झाला, ज्या बुर्जूच्या शाळेत बिरसा शिकला होता तिथे.

इथे मला सिस्टरआंटींचं म्हणणं सांगायला हवं. त्या म्हणाल्या, की त्या रात्री चर्चमध्ये बसलेले लोक काही इंग्रज नव्हते. ते मुंडाच होते. गरीब, बिगारी करणारे, जमीन गेलेले. म्हणजे बाण मारणारा आणि बाण चुकवणारा एकाच भाषेत ओरडत होता. मुंडांनी मुंडांवर बाण चालवले, हे गौरव दिनाच्या भाषणात बसत नाही, आणि चर्चवर बाण का आले, हे आपल्या नाताळच्या प्रवचनात बसत नाही. दोन्ही बाजूंनी अर्धंच सांगितलं जातं, असं त्यांना वाटे.

पुढचं सगळं दोन महिन्यांत संपलं. जानेवारी १९०० च्या पहिल्या आठवड्यात पोलीस शिपाई मारले गेले, ७ तारखेला खुंटीच्या ठाण्यावर हल्ला झाला. ९ जानेवारीला डोंबारीजवळच्या सैल रकब टेकडीवर जमलेल्या बिरसाच्या लोकांना फौजेनं घेरलं. त्यांच्याकडे धनुष्यबाण, कुऱ्हाडी, गोफणी. समोर बंदुका. धरती आबाच्या कृपेनं गोळ्यांचं पाणी होईल असा विश्वास अनेकांना होता. गोळ्यांचं पाणी झालं नाही. मेलेल्यांत बायकाही होत्या.

हा भाग लिहिताना माझा हात अडखळतो. प्रश्न विचारणारा माणूस मोठा होतो, लोक त्याला बाप म्हणू लागतात, आणि मग त्याला प्रश्न विचारणारा कुणी उरत नाही. पाहानाचं खरं मानू नका म्हणणाऱ्या बिरसांचा शब्द त्यांच्या लोकांना पाहानापेक्षाही पक्का झाला होता. सैल रकबवर एकानं जरी विचारलं असतं, की गोळीचं पाणी खरंच होतं का, तर? मी बिरसांना दोष द्यायला हे लिहीत नाही. गोळ्या झाडल्या त्या इंग्रजांनी. पण त्यांच्यावर प्रेम आहे म्हणून हा प्रश्न गाळला, तर मी त्यांच्याकडून काहीच शिकले नाही असं होईल.

सरकारनं बिरसाला पकडून देणाऱ्यास पाचशे रुपयांचं बक्षीस लावलं. ३ फेब्रुवारी १९०० रोजी जंगलात, त्याच मुलुखातल्या काही लोकांनी त्याला धरलं आणि सरकारच्या हवाली केलं. रांचीच्या तुरुंगात, खटल्याचा निकाल लागण्याआधीच, ९ जून १९०० रोजी त्याचा मृत्यू झाला. सरकारी कागदावर कारण पटकी. विष घातलं असा संशय लोकांच्या मनातून आजही गेलेला नाही. वय पंचवीसही पुरं नव्हतं. रांचीत कोकरला त्याची समाधी आहे.

इथे माझं शाळेतलं भाषण संपलं होतं. पण चरित्र इथे संपत नाही.

उठावानं सरकार हादरलं. जमिनीची मोजणी सुरू झाली, कुणाची मूळ मालकी काय हे लिहून काढणं सुरू झालं. त्या कामात मुंडांची जमीनव्यवस्था समजावून सांगायला जाणकार माणूस हवा होता. तो मिळाला सरवदाच्या मिशनमध्ये. फादर हॉफमन. ज्यांच्यावर त्या नाताळच्या आदल्या रात्री बाण आले होते तेच. ते मुंडारी भाषा मुंडांसारखी बोलत. खुंटकट्टी म्हणजे काय, ती कशी मोडली गेली, हे त्यांनी अभ्यासून सरकारपुढे मांडलं. १९०८ चा छोटा नागपूर कुळकायदा झाला, त्याच्या घडणीत त्यांचा वाटा आहे. त्या कायद्यानं मुंडांच्या खुंटकट्टी हक्काला मान्यता दिली, वेठबिगारीवर बंधनं घातली आणि आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाण्याला आडकाठी केली. आजही झारखंडात जमिनीचा प्रश्न निघाला की या कायद्याचं नाव निघतं. हॉफमन यांनी पुढे मुंडारी भाषेचा आणि जीवनाचा प्रचंड ज्ञानकोशही रचला.

मला वाटतं, या चरित्राचं सगळ्यात मोठं वळण हेच आहे. १८९० मध्ये मिशनच्या शाळेत एका मुलानं जमिनीचा प्रश्न विचारला आणि त्याला बाहेर काढलं. १९०८ मध्ये दुसऱ्या एका मिशनच्या पाद्र्यानं त्याच प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहायला मदत केली. मधे अठरा वर्षं गेली, आणि किती जीव गेले. प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हाच कुणी नीट ऐकून घेतला असता तर ती माणसं वाचली असती का, कोण जाणे. पण न ऐकण्याची किंमत किती असते, ते मात्र समोर आहे.

बिरसांचा धर्म मानणारे बिरसाइत आजही खुंटी आणि पश्चिम सिंहभूमच्या गावांत थोडे आहेत. पांढरी वस्त्रं घालतात, गुरुवार पाळतात. बिरसांच्या जन्मदिवशीच, १५ नोव्हेंबर २००० ला, झारखंड राज्य झालं. संसदेत त्यांचं तैलचित्र आहे. महाश्वेता देवींनी त्यांच्यावर लिहिलेल्या अरण्येर अधिकार या बंगाली कादंबरीला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विमानतळ, चौक, पुतळे तर कितीतरी. सगळे पक्ष, सगळे धर्म आज त्यांना आपलं म्हणतात. ज्याला कुणाच्याच घरात कायमचं राहता आलं नाही, त्याला आता सगळ्यांनी आपल्या घरी नेलं आहे. त्यानं आपल्या घराविषयी काय विचारलं होतं, ते मात्र प्रत्येकजण शेजारच्याच दारात नेऊन टाकतो.

मी सिस्टरआंटींना शेवटी विचारलंच, की तुम्ही चर्चला जाता आणि भिंतीवर बिरसाही लावता, हे जमतं कसं? त्यांनी काही मोठं उत्तर दिलं नाही. त्यांच्या आजीला लिहायला मिशननं शिकवलं, आणि आजोबांची जमीन बिरसामुळे राहिली, दोघांचंही देणं आहे, एवढंच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

त्यानंतर मी पुन्हा मंडळीत जाऊ लागले. सोडून जाणं चूक असतं असं मी म्हणणार नाही. बिरसांना सोडावं लागलं, कारण त्यांना काढलंच होतं. मला कुणी काढलं नव्हतं. मी रुसले होते. पुढच्या युवक सभेत मी तोच प्रश्न परत विचारला, या वेळी रडवेली न होता. उत्तर तेच आलं. मग नाताळच्या दिवशी आम्ही पाच-सहाजण आपापल्या बशा घेऊन बाहेर गेलो आणि फाटकाजवळच्या सतरंजीवर बसलो. गुडघे दुखत असतानाही सिस्टरआंटी आमच्याबरोबर खाली बसल्या. सहरिया बायका आधी संकोचल्या, मग त्यांनी सरकून जागा केली. आतून कुणी काही बोललं नाही.

यंदाच्या नाताळात त्या बायका-मुलांना आत खुर्च्या मिळतील की नाही, मला ठाऊक नाही. सुट्टीत घरी गेले की मी पुन्हा विचारणार आहे.